प्रोटीननंतर केस राठ, मास्कनंतर लिबलिबीत: हा झोका थांबवायचा कसा

तक्रार साधारण याच क्रमाने येते. केस चप्प आणि मरगळलेले वाटतात, ओले असताना रबरासारखे ताणले जातात, म्हणून प्रोटीन मास्क लावला जातो. पहिल्या वेळी फरक झकास पडतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी केस काथ्यासारखे राठ होतात आणि विंचरताना कंगव्यात तुकडे येतात. मग 'प्रोटीन जास्त झालं' असं ठरवून दर धुण्याला डीप कंडिशनर, त्यावर लीव्ह-इन (लावून न धुता ठेवायचं क्रीम), त्यावर तेल. केस पुन्हा चप्प. पुन्हा प्रोटीन. हा झोका महिनोन्महिने चालतो आणि दर फेरीत थोडे केस तुटून जातात.

तिसरी बाटली आणून तो थांबत नाही. केस एकदा पूर्ण साफ करायचे, काय बिघडलंय ते हाताने तपासायचं आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. साफ करण्याची पायरी कंटाळवाणी असते म्हणून बहुतेक जण ती गाळतात, आणि पुढचे सगळे अंदाज तिथेच चुकतात.

बाटलीतलं प्रोटीन, बाटलीतलं मॉइश्चर

केस मुख्यतः केराटिन नावाच्या प्रोटीनचाच बनलेला असतो, पण टाळूच्या बाहेर आलेला भाग मृत असतो. बाहेरून लावलेलं प्रोटीन त्याच्या बांधणीत मिसळून जात नाही. उत्पादनांत ते हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेलं असतं. अगदी लहान तुकडे आणि अमिनो ॲसिड (प्रोटीनचे सुटे घटक) केसाच्या आत शिरतात, मध्यम तुकडे बाहेरच्या थरांपर्यंत पोचतात, मोठे तुकडे वरच बसतात आणि सुकल्यावर पातळ, कडक पापुद्रा धरतात. खळ दिलेल्या कापडासारखंच आहे हे. एका हाताने कापड ताठ आणि नीटस होतं, चौथ्या हाताला त्याचा पुठ्ठा होतो. (कच्चं अंडं फासण्याचा उपाय इथेच फसतो. त्यातलं प्रोटीन अखंड आणि फार मोठं असतं, आत शिरत नाही. धुताना पाणी गरम असेल तर ते केसांतच शिजतं.)

मॉइश्चर हा शब्द तर त्याहून फसवा. डीप कंडिशनर केसात पाणी भरून ठेवत नाही. केसातलं पाणी ठरतं ते हवेवर: ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला केस आपल्या वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी धरतो, हवा पूर्ण दमट असेल तर ३० टक्क्यांच्या आसपास. ब्लीच केलेला केस दमट हवेत निरोगी केसापेक्षा जास्त पाणी शोषतो, जास्त फुगतो, आणि तरीही हाताला 'कोरडा' लागतो. कारण बोटांना पाणी कळत नाही, खरखर कळते. निरोगी केसाच्या पृष्ठभागावर स्निग्ध आम्लाचा एक अत्यंत पातळ थर घट्ट जोडलेला असतो. ब्लीच, कायमचा रंग, पर्म यांतल्या अल्कलीने तो निघून जातो, क्युटिकलची, म्हणजे केसाच्या सर्वांत बाहेरच्या थराची, खवलं उचकटतात, केसाला केस अडकतो.

कंडिशनरचं काम तिथे सुरू होतं. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि खराब झालेल्या जागी तो जास्त असतो. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड यांसारख्या घटकांवर धन भार असतो, ते नेमके त्या जागी चिकटतात. सेटिअरिल अल्कोहोलसारखे स्निग्ध अल्कोहोल त्यांच्या जोडीने वर मऊ, घसरता थर देतात. ग्लिसरिन, पॅन्थेनॉल, कोरफड ही मंडळी ओलावा ओढतात, पण त्यांचा वाटा त्या मानाने छोटा.

म्हणजे एक वस्तू कडक थर देते, दुसरी घसरता थर देते. तराजूची दोन पारडी असावीत तसं एकाने दुसरं 'खोडून' निघत नाही. प्रोटीनचे थर साचलेल्या केसावर कंडिशनरचे थर चढवले तर दोन्ही साचतात, आणि असे केस ओले असताना शेवाळलेले वाटतात, सुकले की राठ. दोन्ही थर निघतात ते शाम्पूने.

कोरी पाटी

यासाठी लागतो क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेले थर काढणारा शाम्पू. लेबलवर सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा सोडियम सी-१४-१६ ओलेफिन सल्फोनेट वरच्या तीन-चार नावांत असावं आणि हायड्रोलाइज्ड काहीही नसावं. पाणी जड असेल, म्हणजे नळांवर पांढरा थर धरत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर टेट्रासोडियम ईडीटीए, डायसोडियम ईडीटीए किंवा सोडियम फायटेट असलेला किलेटिंग, म्हणजे पाण्यातले क्षार धरून काढणारा शाम्पू घ्या. नुसता क्लॅरिफाइंग शाम्पू तेल, सिलिकोन आणि पॉलिमर काढतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर त्याला फारसा दाद देत नाही.

केस कोमट पाण्याने निदान दोन मिनिटं भिजू द्या, नुसते ओले करून थांबू नका. खांद्यापर्यंतच्या केसांना ८ ते १० मिली शाम्पू हातावर पाण्यात सैल करून टाळूला लावा, अर्धा मिनिट चोळा, धुऊन टाका. या पहिल्या फेरीला फेस कमीच येतो, तो येत नाही म्हणून शाम्पू वाढवू नका. दुसऱ्या फेरीत तेवढाच शाम्पू, पण आता फेस लांबीवर ओढून दोन-तीन मिनिटं राहू द्या; किलेटिंग असेल तर पाच. लांबी रगडायची नाही, बोटांत धरून दाबत खाली यायचं. धुतल्यावर केस कुरकुरीत स्वच्छ आणि थोडे बेढब लागतात. ते तसेच लागायला हवेत.

त्यावर प्रोटीन नसलेला साधा कंडिशनर, १५ ते २० मिली (चहाचे तीन-चार चमचे), कानाखालच्या भागाला, तीन ते पाच मिनिटं. मग धुऊन टाका आणि केस हवेवर सुकू द्या. लीव्ह-इन, जेल, सिरम, तेल काहीही नको. त्या दिवशी केस कसे दिसतात यापेक्षा ते काय सांगतात हे जास्त महत्त्वाचं आहे.

निम्म्या वेळा झोका इथेच थांबतो म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण ज्यांनी सहा महिन्यांत एकदाही असं धुतलेलं नाही त्यांनी पुढचे उपाय करण्याआधी हे करून एक आठवडा थांबावं.

ताण तपासणी

विंचरताना निघालेले पाच-सहा केस घ्या, डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतले. डोक्यावरचा केस धरून ओढायचा नाही. केस पाण्यात एक मिनिट बुडवा. टोकाकडच्या भागातला १० सेंटीमीटरचा तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, खाली फूटपट्टी ठेवा आणि हळूहळू ओढा. झटका दिला तर चांगलाही केस तुटतो.

ओला निरोगी केस सुरुवातीला किंचित अडतो, मग सहज लांबतो. १० चा १२, फार तर १३ सेंटीमीटर झाला की थांबा. मूळ लांबीच्या ३० टक्क्यांपर्यंतचा ताण ओला केस सहन करतो, त्यापलीकडे बांधणी कायमची बिघडते. एक चिमटी सोडा. केस काही सेकंदांत जवळपास पूर्वीच्या लांबीवर यायला हवा. लांबतच नाही आणि टचकन तुटतो, हा एक निकाल. चिकट च्युइंगगमसारखा लांबत जातो आणि वळवळत तसाच राहतो, हा दुसरा. सहापैकी चार केसांनी जे सांगितलं ते धरा, एखाद्या केसावर जाऊ नका.

मग त्याच केसाचं मूळ पाहा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला केस आहे. गाठ नसलेले आखूड तुकडे म्हणजे तूट. अख्खे, गाठीसह केस रोज भरपूर जात असतील तर हा विषय त्वचारोगतज्ज्ञाचा आहे. तिथे मास्क बदलत बसणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

पेल्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो ते पाहण्याची 'पोरोसिटी टेस्ट' (केस किती पाणी शोषतो याची चाचणी) सोडून द्या. केसावरचं तेल, अडकलेला हवेचा बुडबुडा आणि पाण्याचा पृष्ठताण यांवरच तिचा निकाल ठरतो. तोच केस दोनदा टाकला तर दोन उत्तरं मिळतात.

केस लांबत नाही, टचकन तुटतो

पुढची चार धुणी प्रोटीन पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे शाम्पू, कंडिशनर, लीव्ह-इन, जेल, हीट स्प्रे सगळ्यांतून. हमखास चुकतं ते इथे: मास्क बंद केला जातो आणि रोजच्या शाम्पूत केराटिन, कर्ल क्रीममध्ये व्हीट प्रोटीन चालूच राहतं.

दर धुण्याला सौम्य शाम्पू फक्त टाळूला. लांबीला २० मिली कंडिशनर, टोपी घालून १० ते १५ मिनिटं, आणि तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर वर येत गुंता काढा. रात्रभर ठेवण्यात काही मिळत नाही. जे चिकटायचं ते पहिल्या काही मिनिटांत चिकटतं; नंतर केस फक्त भिजत पडतो. ओला केस जाडीला साधारण १४ ते १६ टक्के फुगतो, लांबीला जेमतेम दोन. हे फुगणं आणि आक्रसणं तासन्‌तास, दर आठवड्याला होत राहिलं तर खवलं सैल होतात आणि आधीच खराब झालेला केस आणखी पोकळ होतो.

दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला कंगवा सरकायला लागतो. चार धुण्यांनीही राठपणा तसाच असेल तर दोष प्रोटीनचा नव्हता. जड पाणी किंवा उष्णता, त्याबद्दल खाली.

केस लांबतो, परत येत नाही

हे बहुतेक वेळा ब्लीच, रिलॅक्सर (केस सरळ करणारं रसायन) किंवा वारंवार रंग यांचं फळ असतं. नुसत्या कंडिशनरने न रंगवलेला केस इथवर सहसा येत नाही. न रंगवलेले केस चप्प आणि बुळबुळीत वाटत असतील तर कोरी पाटी पुन्हा एकदा करा, कारण तिथे साचलेलं कंडिशनर असण्याची शक्यता जास्त.

खरंच कमजोर झालेल्या केसाला प्रोटीन द्यायचं, पण कमी मात्रेने सुरुवात करायची. शाम्पूनंतर पाणी निथळून, हलका प्रोटीन मास्क १० ते १५ मिली, फक्त खालच्या अर्ध्या लांबीला, पाच मिनिटं. धुवा. त्यावर साधा कंडिशनर तीन मिनिटं, ही पायरी गाळायची नाही. पुढच्या धुण्याला प्रोटीन नाही, फक्त ताण तपासणी. केस आधीपेक्षा लवकर परत येत असेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या धुण्याला पुन्हा पाच मिनिटं. फरक नसेल तर वेळ पाचवरून दहा मिनिटांवर न्या; मात्रा आणि वेळ एकदम वाढवू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

जड 'रिकन्स्ट्रक्टर', जे केसांवर सुकून कडक होतात, ते रासायनिक इजेसाठीच ठेवा, चार ते सहा आठवड्यांत एकदा, आणि पाकिटावरची वेळ पाळून. कडक झालेले केस वाकवू किंवा विंचरू नका, तिथेच मोडतात. भरपूर पाण्याने मऊ झाल्यावरच हात लावा.

या अवस्थेतला केस ओला असताना सर्वांत कमजोर असतो. त्यामुळे टॉवेलने रगडणं नाही, सुती कापडात दाबून पाणी टिपायचं. ओले केस घट्ट बांधायचे नाहीत. कंडिशनर लावलेला नसताना कंगवा नाही.

दोन गोष्टी प्रोटीनच्या खात्यात धरू नका. पार्लरमधली 'केराटिन ट्रीटमेंट' बहुतेकदा फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या किंवा ग्लायऑक्सिलिक आम्लाच्या मिश्रणाने, गरम इस्त्री फिरवून केस सरळ करण्याची पद्धत असते. नावात केराटिन असलं तरी तिने प्रोटीनची भरपाई होत नाही. 'बाँड रिपेअर' उत्पादनं हा वेगळा वर्ग. त्यांतली बरीचशी प्रोटीन नसतात, ब्लीचने मोडलेल्या आतल्या जोडण्यांवर काम करण्यासाठी असतात. ब्लीच केलेल्या केसांना आधी ती वापरून पाहावीत, प्रोटीन नंतर. दोन्ही एकाच दिवशी मात्र नकोत.

मुळाशी एक, टोकाला दुसरं

लांब केसांत हेच सर्वाधिक दिसतं आणि इथेच एकच बाटली डोकंभर फासण्याचा तोटा होतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ४० सेंटीमीटरच्या केसाचं टोक अडीच-पावणेतीन वर्षांपूर्वीचं आहे: तेवढं ऊन, तेवढी धुणी, मधल्या काळातले सगळे रंग त्याने सोसलेत. वरचे १० सेंटीमीटर मात्र कोवळे आहेत, त्यांना कशाचीच गरज नाही.

तपासणी दोन ठिकाणी वेगवेगळी करा. प्रोटीन फक्त तिथे लावा जिथे केस परत येत नाही, एवढंच नाही, तर आधी वरच्या भागाला कंडिशनर लावून ठेवा. धुताना प्रोटीन वर पसरलं तरी तिथे कमी चिकटतं. बारीक केसांना टाळूपासून पहिल्या १० सेंटीमीटरना कंडिशनरही जेमतेम लावा, नाहीतर मुळं चप्प बसतात आणि माणूस पुन्हा 'केसांत दम नाही' म्हणून प्रोटीनकडे धावतो.

लेबल कसं वाचायचं

घटक उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात, पण १ टक्क्यापर्यंतच. त्याखालचे कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. फेनॉक्सीइथेनॉल हे संरक्षक सहसा १ टक्क्याच्या वर वापरत नाहीत, म्हणून त्याचं नाव खूणगाठ धरा. प्रोटीन त्याच्या नंतर असेल तर मात्रा नाममात्र, बरंच आधी असेल तर उत्पादन खरोखर प्रोटीनचं, पाकिटावर 'मॉइश्चर' लिहिलेलं असलं तरी.

हायड्रोलाइज्ड हा शब्द शोधा. पुढे व्हीट, सोय, राइस, सिल्क, केराटिन, कोलॅजन काहीही असेल. कोकोडायमोनियम हायड्रॉक्सिप्रोपिल हायड्रोलाइज्ड अशा लांबलचक नावाच्या प्रोटीनला धन भार दिलेला असतो. ते केसाला जास्त घट्ट धरतं आणि साध्या धुण्याला कमी निघतं. सुटी अमिनो ॲसिड यादीत दिसली म्हणून घाबरू नका, ती ओलावा धरणाऱ्या घटकांसारखी वागतात आणि कडक थर देत नाहीत. पॅन्थेनॉल आणि बायोटिन तर प्रोटीन नव्हेतच. गव्हाची ॲलर्जी असेल त्यांनी व्हीट प्रोटीन असलेली उत्पादनं टाळावीत, केसांसाठी असली तरी.

ताण बरोबर, तरी केस वाईट

बोटांच्या चिमटीत एक सुका केस धरा आणि मुळाकडून टोकाकडे सरकवा, मग उलटं. उलट जाताना थोडी खरखर लागणं साहजिक आहे, खवलं टोकाकडे तोंड करून असतात. दोन्ही दिशांना सारखीच खरखर लागत असेल तर पृष्ठभागावर काहीतरी बसलंय किंवा खवलं उचकटली आहेत.

जड पाण्याचा थर हुबेहूब 'प्रोटीन ओव्हरलोड'सारखा वाटतो: राठ, निस्तेज, रंग लवकर उतरणारा. फरक असा की प्रोटीन बंद करून तो जात नाही, किलेटिंग शाम्पूने एका-दोन धुण्यांत जातो. तसं झालं तर महिन्यातून एकदा तोच शाम्पू ठेवा आणि प्रोटीनचा नाद सोडा.

उष्णतेची खूण वेगळी: केस जागोजागी, मधेच तुटतो आणि तुटण्याच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. ओलसर केसावर तापलेली इस्त्री फिरवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे धरतात. त्यावर ना प्रोटीन चालतं ना मास्क. केस पूर्ण सुकल्याशिवाय इस्त्री नाही, तापमान १८० अंश सेल्सिअसच्या खाली, एका बटेवर एकच फेरी.

खोबरेल तेलाबद्दल दोन्ही टोकाची मतं ऐकू येतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांच्या तुलनेत फक्त खोबरेल तेलाने केसातून जाणारं प्रोटीन कमी केलं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने आत शिरतं. म्हणून ते धुण्याआधी लावावं: ३ ते ५ मिली, लांबीला, निदान अर्धा तास आधी. धुतल्यानंतर वर राहू दिलं आणि दर वेळी त्यात भर घातली की बारीक केस ताठ, चिकट होतात, आणि नाव पुन्हा प्रोटीनचं निघतं.

एकदा बसलेलं वेळापत्रक

न रंगवलेल्या केसांना बहुधा वेगळं प्रोटीन लागतच नाही. कंडिशनरात असलेली किरकोळ मात्रा पुरते. रंगवलेल्यांना तिसऱ्या-चौथ्या धुण्याला हलकं प्रोटीन, ब्लीच केलेल्यांना तेच, अधिक चार-सहा आठवड्यांनी एक जड फेरी. क्लॅरिफाइंग धुणं तीन-चार आठवड्यांनी, आणि प्रोटीनचा दिवस त्याच्याच पाठोपाठ ठेवा म्हणजे ते जुन्या थरांवर न बसता केसावर बसतं. कॅलेंडरवर तारखा टाका पण त्यांच्या गुलाम होऊ नका: ठरलेल्या दिवशी ताण तपासणी चांगली आली तर ती फेरी सरळ पुढे ढकला.

दुभंगलेली टोकं मात्र कशानेही सांधली जात नाहीत. मास्क त्यांना पुढच्या धुण्यापर्यंत चिकटवून ठेवतो, एवढंच. फाटा जिथे सुरू होतो त्याच्या ५ ते १० मिलिमीटर वर, धारदार, फक्त केसांसाठी ठेवलेल्या कात्रीने कापा. घरातल्या कागद कापायच्या बोथट कात्रीने टोक चिरडतं आणि दोन महिन्यांत तिथेच नवा फाटा फुटतो.